एकट्यानं काय होतंय?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. पुढच्या रांगेत बसायला आपल्याकडे लोक का घाबरतात, हा खरं तर वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

संयोजकांनी मला विषय दिला ‘हवामानबदल आणि सामान्य माणूस’. मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. मला ढगांतलं काय कळतंय? ते म्हणाले, सर, पारा किती चढला ते लोकांना कळतं. आपण नेमकं काय करायचं, ते कळत नाही. तेवढंच बोला. म्हणून मी शीर्षक बदलून घेतलं. कारण या विषयावर कुठेही बोलायला गेलं की शेवटी एक वाक्य येतंच. रिक्षात येतं, कट्ट्यावर येतं, घरी जेवताना येतं. ‘पण एकट्यानं काय होतंय?’

हे वाक्य मीसुद्धा वापरलेलं आहे. आणि चांगलं शास्त्रशुद्ध वापरलेलं आहे. त्याची हकिकत आधी सांगतो.

२००८ साली एम.ए.च्या वर्गाला मी एक निबंध शिकवला होता. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी तो २००५ साली लिहिला. त्यांचा प्रश्न असा : रविवारी दुपारी, काहीही काम नसताना, केवळ मजा म्हणून मी पेट्रोल ढोसणारी मोठी गाडी काढली आणि एक चक्कर मारून आलो, तर मी नैतिकदृष्ट्या चूक केली का? आपण पटकन म्हणू, हो केली. ते म्हणतात, कोणत्या तत्त्वानुसार? माझ्या चकरीमुळे कुणाचं नुकसान झालं ते दाखवा. एकही पूर तिच्यामुळे आला नाही, एकही पूर ती टाळल्यानं टळला नसता. एकेक नैतिक तत्त्व घेऊन ते दाखवतात की यानं ती चक्कर चूक ठरत नाही, त्यानंही नाही. मग निष्कर्ष असा की हे काम सरकारांचं आहे आणि तुमचं-माझं कर्तव्य काही असेल तर ते सरकारला काम करायला लावण्याचं. हा शेवटचा भाग मी वर्गात घाईनं उरकला असणार. तास संपत आला की मास्तर तेच करतो. मुलांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की एका माणसाच्या गाडीनं काही होत नाही.

आता २०१९. ऑगस्ट महिना. या सभागृहात बसलेल्या कुणालाच मी त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ चा पूर ५३ फुटांच्या पुढे गेला तेव्हा आपण म्हटलं होतं, असा पूर परत आयुष्यात बघायचा नाही. पाणी ओसरल्यावर महिनाभरानं एका लग्नात माझा जुना विद्यार्थी भेटला. शिरोळ तालुक्यातला. एम.ए. झाला, नोकरी मिळाली नाही, घरची शेती करतो. त्याचा ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली होता. उसाचा शेंडा बुडून त्यात गाळ बसला की ऊस कुजतो, ते तुम्हाला माहीत आहे. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, ‘सर, तुम्ही शिकवलं होतं की एका माणसाच्या गाडीनं काही होत नाही. ते पटलं होतं मला. मग हे कुणी केलं?’

रागानं नाही हो. खरंच विचारत होता तो. माझ्या हातात जेवणाचं ताट होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी इंजिनियर मला फोन करतील. २०१९ चा महापूर म्हणजे निव्वळ हवामानबदल, असं मी म्हणत नाही. धरणांतला विसर्ग आहे, नदीच्या पात्रात आणि पूररेषेच्या आत आपण केलेली बांधकामं आहेत, त्याचे वाद चालूच आहेत. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला साधारण सात टक्के, हे भौतिकशास्त्र आहे. थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस पडण्याचं प्रमाण त्यामुळे वाढतं. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचा सगळा भार हवामानावर टाकायला नको आणि सगळा काढूनही घ्यायला नको. प्रश्न शिल्लक राहतोच : कुणीच काही केलं नाही, तर झालं कसं?

आता जरा गणित बघू. ‘माझ्यानं फरक पडत नाही’ हे वाक्य नैतिक वाटतं, पण मुळात ते गणिताचं वाक्य आहे, आणि गणित म्हणून ते चुकीचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अहवालात एक ढोबळ आकडा आहे : वातावरणात दर एक लाख कोटी टन कार्बन डायऑक्साइड गेला की पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण ०.४५ अंशानं वाढतं. म्हणजे हा चढ जवळजवळ सरळ रेषेतला आहे. इथे एखादा उंबरठा असता, की अमुक टनांपर्यंत काहीच नाही आणि त्यानंतर एकदम कडेलोट, तर मी म्हणू शकलो असतो की माझा टन उंबरठ्याच्या अलीकडचा. पण तसा उंबरठा नाही. प्रत्येक टन मोजला जातो. शिवाय या वायूचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत टिकतो. तेव्हा माझ्या टनाचा परिणाम शून्य नाही. तो फार बारीक आहे आणि फार लोकांवर, फार वर्षं पसरलेला आहे. बारीक आणि शून्य यांतला फरक विसरणं हीच सगळी गडबड आहे.

डेरेक पारफिट नावाचे इंग्लिश तत्त्वज्ञ होते. त्यांच्या १९८४ सालच्या पुस्तकात नैतिक गणितातल्या चुकांवर एक प्रकरण आहे. त्यात एक उदाहरण आहे. वाळवंटात पुष्कळ जखमी माणसं तहानेनं तळमळत पडली आहेत. तेवढीच माणसं दुसरीकडे आहेत आणि प्रत्येकाकडे, आपल्या भाषेत सांगायचं तर, तांब्याभर पाणी आहे. हे सगळं पाणी एका गाड्यातल्या टाकीत ओतायचं आणि गाडा वाळवंटात न्यायचा, तिथे ते सगळ्यांना सारखं वाटायचं. मी माझा तांब्या ओतला नाही तर प्रत्येक जखमी माणसाच्या वाट्याला काही थेंबच कमी येतील. कुणालाही ते जाणवणारसुद्धा नाही. मग मी ओतावं का? पारफिट म्हणतात, अर्थातच ओतावं. जाणवत नाही म्हणून ते नाही, असं होत नाही.

हे वाचताना मला दरवेळी माझी आजी आठवते. कारण हीच गोष्ट आपल्याकडे श्रावणात सोमवारी सांगतात. खुलभर दुधाची कहाणी. बायकांना ती पाठ असेल, पुरुषांसाठी सांगतो. आटपाट नगरातल्या राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. दवंडी पिटली : घरातलं सगळं दूध देवळात आणून घाला. लोक घाबरले. वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा भरला नाही. मग दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी घरचं काम आटपलं, लेकरांना दूध दिलं, वासरांना पाजलं, गुरांना चारा घातला आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन ती देवळात गेली. ते ओतलं आणि गाभारा भरला.

चमत्कार बाजूला ठेवा. आपल्याकडे ही कहाणी भक्तीची म्हणून सांगतात, मला ती वाटपाची वाटते. पारफिटच्या गाड्यात सगळ्यांचा तांब्या सारखा आहे. कहाणीत तसं नाही. कहाणी विचारते, दूध कुणाच्या तोंडचं काढून आणलंस? राजानं सगळ्यांना एकच हुकूम सोडला, म्हणून गाभारा भरला नाही.

आकडे बघा. सरासरी भारतीय माणसाच्या नावावर वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे, अमेरिकेची चौदाच्या आसपास. हे ऐकून आपण लगेच टाळ्या वाजवतो, की बघा, आपण किती सभ्य. पण त्या दोन टनांच्या सरासरीत ऊसतोड कामगारही आहे आणि दोन एसी, एक मोटार असलेला मीही आहे. त्याच्या कमी वापराच्या आड मी लपून बसलोय. त्याला जाऊन ‘ऊर्जा वाचवा’ म्हणणं म्हणजे वासराच्या तोंडचं दूध काढणं. मला म्हणा. माझ्याकडे उरलेलं आहे.

म्हणजे ‘सामान्य माणूस’ हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. आज या सभागृहात जे बसलेत ते या विषयापुरते फारसे सामान्य नाहीत.

आता माझी दुसरी हकिकत. ही जास्त अडचणीची आहे, कारण यातले साक्षीदार इथे चौथ्या रांगेत बसलेत. (हशा)

आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे. २०१८ च्या वार्षिक सभेत एका तरुण जोडप्यानं प्रस्ताव मांडला की गच्चीवर सोलर बसवू, लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील. त्यांनी कोटेशन आणलं होतं, कागद आणले होते. नेहमीचे प्रश्न आले. पापड कुठे वाळवायचे? भाडेकरू ठेवणाऱ्या मालकानं पैसे का भरायचे? पुढेमागे गच्ची गळली तर कोण बघणार? आणि मग निवृत्त प्राध्यापक उठले. मी म्हटलं, ‘कल्पना स्तुत्य आहे, पण एका सोसायटीनं काय होणार? औष्णिक प्रकल्प चालू आहेत, कारखाने चालू आहेत. हे धोरणाचं काम आहे.’ लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मला मान आहे, निदान तोपर्यंत होता. विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेआधी पूर आला, पार्किंगमध्ये पुरुषभर पाणी चढलं, सगळा फंड मोटार आणि मीटर बदलण्यात गेला. मग कोरोना. मग २०२१ चा पूर. पॅनेल गच्चीवर चढली ती २०२४ मध्ये, केंद्राची सूर्यघर योजना आल्यावर. त्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे.

आमचा संच दहा किलोवॅटचा. एक किलोवॅट आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे वर्षाला साधारण चौदा हजार युनिट. आपल्या ग्रिडमधली वीज अजून बरीचशी कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार करा : वर्षाला दहा टन. २०१८ ते २०२४, सहा वर्षं. साठ टन.

आता गंमत बघा. एकट्यानं काही फरक पडत नाही, असं सांगणाऱ्या एकट्यानं साठ टनांचा फरक पाडला. तोही दोन मिनिटांत, बसल्या जागेवरून, चहा गार व्हायच्या आत. मी आयुष्यभर स्कूटरच चालवली असती तरी एवढं जमलं नसतं. रोज दहा किलोमीटर स्कूटर चालवली तर वर्षाला दीडशे-पावणेदोनशे किलो होतात. माझ्या गाडीचा धूर मी मोजत होतो आणि माझ्या बोलण्याचा धूर मोजायचं राहून गेलं होतं.

सिनॉट-आर्मस्ट्राँग यांच्या निबंधात मला आज दिसतं ते हे, की गाडी चालवणारा माणूस तिथे एकटाच रस्त्यावर आहे. त्याला शेजारी नाहीत, त्याचं ऐकून कुणी मान डोलावत नाही, त्याला बघून कुणी गाडी घेत नाही की सोडत नाही. असा माणूस कुठे असतो? कॅलिफोर्नियात गच्चीवरच्या सोलरचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ज्या भागात आधी काही घरांवर पॅनेल आहेत, तिथे पुढचा माणूस ती बसवण्याची शक्यता वाढते. आमच्याकडेही तेच झालं. समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी आधी नुसते गच्चीकडे बघायचे, मग एक दिवस बिल बघायला आले, मग काँट्रॅक्टरचा नंबर घेऊन गेले.

(श्रोत्यांतून प्रश्न : पुरात वीज गेल्यावर तुमच्याकडे दिवे राहणार का?)

नाही राहणार, आणि हे विचारलंत ते बरं केलंत. बऱ्याच लोकांचा हा गैरसमज असतो. ग्रिडला जोडलेला साधा संच महावितरणची लाइन बंद झाली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे. दिवे हवेत तर बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा. विकणारा हे नेहमी सांगतोच असं नाही.

असो. मुद्दा असा की एकटा आणि सरकार, यांच्या मधली जागा आपण रिकामी समजतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपलं एक गुरू जास्त सोडतो आणि कुरण उजाड होतं. उपाय दोनच, सरकारी बडगा नाहीतर खासगी मालकी. दोन पिढ्या हे प्रमाण मानून शिकल्या, मीही शिकवलं. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावांचा अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावरानं, स्पेनमधले पाटपाणी. त्यांना दिसलं, की कित्येक ठिकाणी लोकांनी शेकडो वर्षं सामायिक गोष्ट नीट राखलेली आहे. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ज्यांचं पाणी त्यांनीच नियम करायचे, त्यांनीच लक्ष ठेवायचं, नियम मोडणाऱ्याला आधी हलका दंड आणि पुन्हा मोडला तर मोठा. आपल्याकडे धुळे-नाशिककडे फड पद्धतीत पाटकरी हेच करत आलाय.

हिवरे बाजारचं उदाहरण आता इतकं सांगून झालंय की लोक जांभया देतात. पण त्यातली एक गोष्ट बघा. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. यंदा एवढं पाणी आहे, पिण्याला एवढं, जनावरांना एवढं, उरलं त्यात कोणतं पीक बसतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळी गाव होतं. तिथल्या एखाद्या शेतकऱ्यानं ‘मी एकट्यानं बोअर मारली तर काय होतंय’ असं विचारलं, तर त्याला उत्तर द्यायला अख्खी ग्रामसभा समोर बसलेली आहे. आपल्या शहरात ती ग्रामसभा नाही. सोसायटीची मीटिंग आहे, पण तिला आपण कोरमसुद्धा देत नाही.

घरात काय करायचं त्याची यादी मी देणार नाही, ती तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येते. फक्त प्रमाण सांगतो, कारण प्रमाणाचीच मारामार आहे. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर एका पंख्यामागे एकशे साठ युनिट वाचतात, म्हणजे एकशे दहा किलो. गॅसचा एक सिलिंडर जाळला की बेचाळीस-त्रेचाळीस किलो. प्लास्टिकची नळी टाळली तर काही ग्रॅम. नळी जरूर टाळा, नदीसाठी टाळा. पण नळी टाळून हवामानाचं कर्ज फिटलं असं समजू नका. वृक्षारोपणाबद्दल मी फार बोलत नाही. आमच्या महाविद्यालयात दर पावसाळ्यात पाहुणे बदलत, खड्डा तोच असे.

आणि हेही लक्षात ठेवा, की ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द तुमच्या-माझ्या तोंडी बसवण्यात ब्रिटनमधल्या एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. तेल त्यांनी काढायचं आणि पावलं आपण मोजायची. तेव्हा पावलं मोजा, पण नजर नुसती आपल्याच पायांकडे ठेवू नका. महापालिकेच्या निवडणुकीत दारात उमेदवार येतो तेव्हा आपण गटाराबद्दल विचारतो. बसबद्दल विचारा, पूररेषेतल्या बांधकामाबद्दल विचारा. पाच घरांनी लागोपाठ तोच प्रश्न विचारला तर सहाव्या घरी तो उत्तर पाठ करून येतो, हा माझा अनुभव आहे.

शेवटी एक गोष्ट कबूल करायची राहिली, आणि तिचं उत्तर माझ्याकडे नीट नाही. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं कुणीतरी तिकडे आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन यायचं म्हणजे एका माणसामागे सुमारे दोन टन, सरासरी भारतीयाचं अख्खं वर्ष. आम्ही दोघं आतापर्यंत चार वेळा गेलो. गणित केलं त्या रात्री मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमचा पारफिट नातीला मांडीवर घेऊन बसणार आहे का?’ याला तत्त्वज्ञानात उत्तर नाही. आम्ही एवढंच ठरवलंय की आता दरवर्षी जायचं नाही. तीन वर्षांतून एकदा जायचं, पण गेलो की चार-पाच महिने राहायचं. सुनेला हे अजून सांगितलेलं नाही. (हशा) हा माझा खुलभर भाग झाला की राजानं नेलेलं दूध झालं, मला खरंच ठरवता येत नाही.

तो शिरोळचा विद्यार्थी गेल्या महिन्यात घरी येऊन गेला. ऊस तुटल्यावर पाचट पेटवून द्यायची त्याच्याकडे पद्धत होती, ती त्यानं बंद केली. पाचट सरीत पसरतो, जमिनीत ओल टिकते. शेजारचे दोघे आधी हसले, आता एकानं यंदा केलंय. मी त्याला म्हटलं, तू त्या दिवशी विचारलंस त्याचं उत्तर मी शोधतोय. तो म्हणाला, ‘सर, तुमचं होऊ द्या निवांत. मला खोडव्याला पाणी सोडायचंय.’ आणि गेला.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. विषय ओल्या कचऱ्याच्या खताचा. गाडीवर दिला तर तो डेपोत कुजून मिथेन होतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. खताची टाकी नेमकी माझ्या खिडकीखाली ठेवायची असा प्रस्ताव आहे. चौथ्या रांगेतल्या मंडळींनी तो मुद्दाम तसा मांडलाय, हे मला ठाऊक आहे. मी विरोध करणार नाही, फक्त झाकण घट्ट असावं एवढी दुरुस्ती सुचवणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर माइक तिकडे फिरवा.